शेवंतीच्या वर्गातली स्वप्नं

शेवंती गेली हे तिच्या मुलाने, नितीनने, फोनवर सांगितलं तेव्हा मी स्वप्नात होते. उजाडलं होतं, डहाणूजवळ मसोलीतल्या आमच्या गल्लीत दूधवाल्याची मोटरसायकल येऊन गेली होती, आणि मी ओहोटीच्या ओल्या वाळूतून चालत होते, पाणी इतकं लांब गेलेलं की नुसती एक पांढरी रेघ दिसत होती… "रेखामावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी "हं" म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ मला कळेना, यातलं जागेपणीचं कुठलं आणि झोपेतलं कुठलं. मग चहा टाकला, तो उतू गेला, आणि शेगडी पुसताना कळलं की शेवंती खरंच गेली.

आता या गोष्टीला दीड महिना झाला. शेवंती प्राथमिक शाळेची शिक्षिका होती, तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर जन्मलेली, त्या पाड्यावरून डी.एड. झालेली पहिली मुलगी. तिचं नाव कधी कुठे छापून आलं नाही, आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार तिला कुणी दिला नाही. तिने तो मागितलाही नसता, कारण त्यासाठी स्वतःबद्दल माहिती भरून द्यावी लागते आणि स्वतःबद्दल लिहायचं म्हटलं की तिला हसू यायचं. पण लहान मुलाचं मन कशाने घडतं, याबद्दल मी पुस्तकांतून जेवढं शिकले त्याहून जास्त तिच्या वर्गात शिकले. आणि शिकताना माझ्या हातून जे झालं, तेही आता कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे.

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. मानसशास्त्रात नुकतीच एम.ए. झालेली, एका संस्थेच्या कामावर लागलेली. पाड्यांवरच्या शाळांत जायचं, जी मुलं मागे पडतात असं शिक्षक सांगतील त्यांच्या चाचण्या घ्यायच्या आणि अहवाल द्यायचा, असं ते काम. माझ्या खांद्याला एक रेक्झिनची बॅग असे, तीत लाकडी ठोकळे, चित्रांची कार्डं आणि एक स्टॉपवॉच. डहाणूहून एसटीने तलासरी, तिथून मिळेल त्या जीपने फाट्यापर्यंत, आणि पुढे शेतांच्या बांधावरून अर्धा तास चालत. भाताची कापणी झाली होती. धुकं शेतांच्या खाचरांत साठून राहिलेलं, त्यातून ताडाचे नुसते शेंडे वर दिसत होते, जणू झाडं जमिनीवर उभी नसून धुक्यावर ठेवली आहेत. दोन खोल्यांची शाळा. मी पोचले तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती आणि वर्गात एक मुलगा काहीतरी सांगत होता.

शेवंती खुर्चीवर नव्हती. जमिनीवर मुलांमध्येच बसून ती दुपारच्या खिचडीचे तांदूळ निवडत होती. सुपातून नजर वर न करता तिने मला हाताने बसायची खूण केली. मुलगा सांगत होता ते त्यांच्या बोलीत, मला निम्मं कळत होतं. त्याचा मेलेला आजा आला होता, विडी मागत होता, आणि घरात विडी नव्हती म्हणून तो झाडावर रुसून बसला. कोणी हसलं नाही. एक मुलगी म्हणाली, "कुठल्या झाडावर?" "आंब्याच्या." "मग तोच असेल. आमच्या आंब्यावर कोण तरी होतं." मग दुसरा मुलगा आपलं सांगू लागला. शेवंती मधूनमधून "हं…" म्हणत होती, तेही अगदी हळू. मग काय झालं, तुला भीती वाटली का, असलं काही तिने एकदाही विचारलं नाही. अर्ध्या तासाने सूप बाजूला ठेवून ती उठली, फळ्यावर तारीख लिहिली आणि गणित सुरू केलं.

मी मधल्या सुट्टीत विचारलं, "हे रोज असतं?"

"सपान? हो. सकाळी घरी सांगूनच येतात. पण कुणाचं राहिलेलं असतं, घरी माणसं कामाला गेलेली असतात. पोटात राहिलं की मग गणितात लक्ष लागत नाही."

ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली की मी वहीत लिहूनही घेतलं नाही. पाड्यावर उठल्यावर पहिली गोष्ट ती असे, हे मला पुढे दिसलं. चुलीशी, ओट्यावर, गुरं सोडताना, कुणी ना कुणी रात्रीचं सांगत असे आणि बाकीचे आपापलं काम करत ऐकत असत. शेजारच्या घरी काय झालं ते सांगावं तसं. लहान पोराच्या स्वप्नालाही तेवढाच मान होता. घरातली आजी त्याप्रमाणे कधी नदीला जायचं टाळत असे, कधी दूरच्या भावाला निरोप धाडत असे.

आमच्याकडे असं नव्हतं. माझे वडील रेल्वेत, आम्ही डहाणू रोडच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. सहा वर्षांची असताना मला स्वप्न पडलं होतं की आई खाडीच्या पाण्यात चालत जाते आहे, मागे वळून बघते आहे आणि हसते आहे. मी उठून तिला सांगायला गेले. तिचे हात पिठात होते. "सकाळी सकाळी वाईटसाईट बोलू नकोस. तोंड धू आधी," ती म्हणाली. तिचं काही चुकलं असं मी आज म्हणणार नाही. तिला सव्वासातला डबा द्यायचा होता आणि ती घाबरलीही असेल. पण त्या सकाळी माझ्यातलं एक दार हळूच लागलं. दुसरी दारं मात्र सताड उघडी होती. पाहुणे आले की मला पुढे केलं जाई. "सांग बघू, कावळा कसा करतो? तुझे डोळे कुठे आहेत? महाराष्ट्राची राजधानी कुठली?" मी पटापट सांगे, मोठी माणसं हसत, कुणी गालाला हात लावी. मला फार लवकर समजलं होतं की मोठ्या माणसाचा प्रश्न ही परीक्षा असते, त्याला उत्तर आधीच माहीत असतं, आणि आपण ते बरोबर दिलं की माया मिळते. हे कुणी शिकवलं असं वाटलंच नाही. मुलं अशीच असतात असं मी धरून चालले होते. एम.ए. झाले तरी तेच धरून चालले.

शेवंतीने माझ्यापुढे चार मुलं आणली. तीन जण जेमतेम उत्तरं देऊन सुटले. चौथी होती लखमी. सात वर्षांची, काळीसावळी, तेल लावून केस घट्ट बांधलेले. पटावर तिचं नाव लक्ष्मी लिहिलं होतं. मी तिला त्या नावाने हाक मारली, तिने वर बघितलं नाही. कार्डावर गाय होती. "हे काय आहे?" ती जमिनीकडे बघत राहिली. "तुला किती बोटं आहेत?" काही नाही. ठोकळे पुढे ठेवून मी स्टॉपवॉच सुरू केलं, तर ती त्या टिकटिकीकडे कान लावून बसली आणि ठोकळ्यांना तिने हातच लावला नाही. मी प्रेमाने विचारलं, खाऊ देऊन विचारलं, शेजारी बसून विचारलं. जितकं विचारत गेले तितकी ती आत आत जात राहिली. तासाभराने मी बेरीज केली. माझ्या तक्त्याप्रमाणे ती फार खाली होती. मी लिहिलं की मुलगी मतिमंद दिसते, हिला नेहमीच्या शाळेचा उपयोग नाही, निवासी विशेष शाळेत पाठवावं. खाली सही केली. सही करताना मला आपण कुणासाठी तरी काही चांगलं करतो आहोत असंच वाटत होतं, हे सांगितलं पाहिजे.

अहवालाची एक प्रत शाळेत द्यायची असे. पुढच्या आठवड्यात मी ती घेऊन गेले. शेवंतीने उभ्याउभ्याच वाचली, दोनदा वाचली. तेव्हा ती सहा महिन्यांची गरोदर होती, एक हात कमरेवर होता.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही तिला गाय दाखवली. ती गाय आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"अर्थात."

"मग तिला वाटलं असेल, बाई थट्टा करतात. आमच्यात मोठं माणूस माहीत असलेलं विचारत नाही. ज्याला खरंच माहीत नाही तोच विचारतो, तुमची बकरी कुठे गेली, असं. आणि मोठ्या माणसानं असं टक लावून बघितलं की पोर खालीच बघणार. तिला तसंच शिकवलंय."

मी तिला चाचणीचं शास्त्र सांगितलं. हजारो मुलांवर तपासलेली असते वगैरे. ती ऐकत राहिली. वाद घालणं तिच्या स्वभावात नव्हतं. शेवटी म्हणाली, "उद्या सकाळी याल का? जरा लवकर."

मी गेले. का गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही. वर्ग बसला होता, शेवंती वह्यांना पुठ्ठे घालत होती, मी मागे भिंतीशी जाऊन बसले. दोनतीन मुलांचं सांगून झालं आणि मग लखमी बोलू लागली. कुणीही तिला बोल म्हटलं नव्हतं. धाकट्या भावाला पाठुंगळी घेऊन ती आलेली होती, त्याला झुलवत, खिडकीबाहेर बघत ती सांगत होती. आवाज खालचा, पण कुठेही अडखळत नव्हता.

पुढे शेवंतीने मला ते सगळं समजावून सांगितलं. पाड्यावरची विहीर झाडावर चढून बसली होती. बायका खाली हंडे घेऊन उभ्या होत्या, सात हंडे. लखमी भावाला घेऊन झाडावर चढली, चढता चढता भाऊ जड होत गेला, दगडाएवढा, मग घराएवढा. वर पोचल्यावर विहीर म्हणाली, मला खाली उतरायची भीती वाटते, तू आधी उतर. लखमी उतरली. मग पाणी एक एक हंडा करून खाली आलं. दोन हंडे फुटले, ते ज्यांचे होते त्या बायका रडल्या, तेव्हा पाच हंड्यांतलं थोडं थोडं काढून त्या दोघींना घरातल्या तव्यांत दिलं. भाऊ पुन्हा लहान झाला. मग कोंबडा ओरडला…

मी वही उघडून बसले होते. सात, दोन, पाच एवढं मला त्या बोलीतही कळलं होतं. माझं पेन तिथेच थांबलं. शेवंतीने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. तिने पुठ्ठा दुमडला आणि "हं" म्हटलं.

गोष्ट इथे सुखाने संपली असती, पण अहवालाची मूळ प्रत वर गेली होती आणि तिच्याही आधी ती गोष्ट पाड्यावर पोचली होती. शाळेतली प्रत व्हरांड्यात कुणीतरी मोठ्याने वाचली असावी. लखमीचा बाप म्हणाला, डहाणूहून बाई येऊन लिहून गेली, पोर डोक्यानं कमी आहे, मग शाळेत बसवून काय करायचं. पुढच्या सोमवारी ती आली नाही. तिच्याकडे गावच्या बकऱ्या दिल्या होत्या. मला बांधावर दिसली. मी हाक मारली, तर ती एका ताडाच्या मागे जाऊन उभी राहिली आणि मी निघून जाईपर्यंत पुढे आली नाही. ते ताडाचं खोड आणि त्याच्या एका कडेला दिसणारा परकराचा काठ मी आजही झोपेत बघते.

मी संस्थेतल्या वरिष्ठांकडे गेले. अहवाल मागे घ्यायचा म्हटलं. ते भले गृहस्थ होते, पण म्हणाले, "एका स्वप्नावर निष्कर्ष बदलायचा? उद्या कोण विश्वास ठेवेल आपल्या कामावर?" मग मी तीन आठवडे रोज पाड्यावर गेले. बॅग घरी ठेवून. लखमीच्या ओट्यावर तिच्या आईबरोबर वाल सोलत बसायचं, काही विचारायचं नाही, हे मला शेवंतीने सांगितलं होतं. ते मला किती जड गेलं म्हणून सांगू. दर मिनिटाला प्रश्न जिभेवर यायचा. सहाव्या की सातव्या दिवशी लखमी बकऱ्या बांधून माझ्यापासून हातभर अंतरावर बसली आणि तीही सोलू लागली. किडके बाजूला, कोवळे बाजूला, बियाण्याचे बाजूला. मी चुकून एक किडका दाणा चांगल्यात टाकला, तो तिने काही न बोलता उचलून बाहेर काढला. त्या दिवशी घरी येऊन मी नवा अहवाल लिहायला घेतला, अकरा पानी, आणि पहिला अहवाल माझ्या चुकीने दिला गेला असं त्यात स्पष्ट लिहिलं. वरिष्ठांनी तो नाखुशीने पुढे पाठवला. बापाची समजूत मात्र माझ्या अकरा पानांनी पटली नाही. शेवंती सातव्या महिन्याचं पोट घेऊन रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. शाळेचा विषय काढायची नाही. भात किती झालं, बैलाचा पाय कसा आहे, असं बोलायची आणि उठायची. दहाव्या की बाराव्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "बाई, उद्या पोर येईल."

लखमी दहावीपर्यंत शिकली. लग्न करून झाई गावात दिली. तिथे चिकूच्या वाडीत मजुरांवर देखरेख करते, फळं मोजून घेणं, हजेरी लिहिणं सगळं तिच्याकडे असतं. शेवंतीला पोचवायला ती आपल्या मुलीला घेऊन आली होती. आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या होतो. माझ्याकडे बघून ती ओळखीचं हसली, आणि मला पुन्हा ते ताडाचं झाड आठवलं.

शेवंती आणि मी मैत्रिणी कधी झालो ते नेमकं सांगता येणार नाही. मॅडमची रेखा झाले, तुम्हीची तू झाले. नितीन तीन वर्षांचा झाल्यावर तिने मसोलीत, आमच्या घरापासून चार घरं सोडून, खोली घेतली. नवरा वापीला कंपनीत होता, तोही रात्री इकडेच येऊ लागला. ती स्वतः रोज उलटी, तलासरीकडे जायची. मी म्हटलं, पाड्यावर घर आहे, आई आहे, पोराला सांभाळायला माणसं आहेत, इथे कशाला? "इथली शाळा बरी आहे," ती म्हणाली, आणि मला ते पटलं. शहरात वाढलेल्या माणसाला असलं कारण लगेच पटतं.

त्या खोलीत मी जे बघत होते ते मला तेव्हा विचित्र वाटायला हवं होतं. भिंतीवर अक्षरांचे तक्ते, फळांचे तक्ते. भाजी चिरता चिरता शेवंती विचारायची, "नितीन, आकाशाचा रंग कोणता? सांग पटकन. आणि बघ माझ्याकडे, वर बघून बोल." पाड्याच्या बोलीत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तिची आई, जिवलीआजी, कधी आठ दिवस राहायला आली आणि नातवाशी आपल्या बोलीत बोलू लागली की शेवंती मधेच तेच मराठीत सांगायची. मी नितीनला चित्रांची पुस्तकं आणायचे, कोडी आणायचे. तो हुशार होता, चटपटीत होता, पाहुण्यांसमोर कविता म्हणायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं, कारण तो थेट माझ्यासारखा होत होता.

एक सकाळ मात्र लख्ख आठवते. तो पाचेक वर्षांचा असेल. मी त्यांच्याकडे काही मागायला गेले होते. तो अंथरुणातून उठून आला, डोळे अजून अर्धे मिटलेले, आणि आईच्या पदराला धरून म्हणाला, "आई, मी ना, एका मोठ्या माशाच्या आत…" शेवंती त्याच्या डब्याचं झाकण लावत होती. "उशीर होतोय. बूट घाल आधी." तो थांबला. एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि बूट घालायला बसला. तासाभराने ती पाड्यावरच्या वर्गात बसून वीस मुलांची स्वप्नं ऐकणार होती. मला ते दिसलं, आणि मी काही बोलले नाही. तिच्या पोराचं ती बघेल, असं काहीतरी मनाशी म्हटलं आणि वाटी घेऊन घरी आले.

मागच्या वर्षी तिला पोटाचा आजार निघाला. वलसाडला उपचार झाले, थोडं बरं वाटलं, मग पुन्हा बिघडलं. शेवटचे दोन महिने ती पाड्यावर आईकडेच राहायला गेली. मी दर रविवारी जात असे. शेवटची भेट झाली ती थंडीतली दुपार होती. अंगणात बाज टाकलेली, शेवंती पांघरूण घेऊन पडलेली, ऊन इतकं हलकं की अंगावर पडलं आहे हे कळू नये. मोहाची पानं जराशी हलत होती. कोंबड्या, लांब कुठेतरी कुऱ्हाडीचा आवाज, आणि मध्ये मोठी शांतता. मला वाटलं तिला झोप लागली. मग डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली,

"लखमीचा तो कागद आठवतो तुला?"

मी म्हटलं, "रोज."

"मी वाचला तेव्हा नितीन पोटात होता. लाथ मारली त्यानं. तेव्हाच मी ठरवलं, माझ्या पोराला असा कागद कुणी द्यायचा नाही. तुम्हाला जसं पोर लागतं तसंच करायचं त्याला. वर बघून बोलणारं. पटकन सांगणारं."

इतक्या वर्षांत मला वाटत होतं की माझी चूक मी अकरा पानांत निस्तरली.

"मला कधी सांगितलं नाहीस," मी कसंबसं म्हटलं.

"तू रडली असतीस. मग मला तुझी समजूत घालत बसावं लागलं असतं." ती जराशी हसली. "आता घालावी लागली तरी चालेल, पडूनच आहे."

मी रडले नाही. तिचा हात हातात घेतला, तो चिमणीएवढा हलका झाला होता.

"त्याचं वाईट नाही झालं," ती म्हणाली. "नोकरी आहे, माणसांत बोलतो, कुणाला घाबरत नाही. मला घाबरायला व्हायचं. पण इथं आईजवळ बसतो तेव्हा पाहुण्यासारखा बसतो. ती बोलते, तो हसतो. त्याला कळतं सगळं, पण सांगता येत नाही… दुसऱ्यांच्या पोरांची किती सपानं माझ्याकडे आहेत, रेखा. वर्गच्या वर्ग. माझ्या पोराचं एकही मला माहीत नाही."

ऊन सरकून तिच्या पायांशी गेलं होतं. मी बाज थोडी ओढून उन्हात घेतली. एवढंच त्या दुपारी मला करता आलं. त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली.

दिवसकार्याला पाडा जमला होता. बायका बसल्या बसल्या सांगत होत्या, शेवंती कुणाच्या स्वप्नात कशी आली ते. एकीकडे ती फणी मागायला आली होती, एकीकडे नुसती दारातून डोकावून गेली. जुने विद्यार्थीही सांगत होते, दाढीमिशा आलेले बाप्ये. नितीन कडेला उभा राहून ऐकत होता. बोईसरला एका कंपनीच्या ऑफिसात असतो तो, पांढरा शर्ट घातलेला. मला म्हणाला, "मावशी, सगळ्यांकडे आली. माझ्याकडे येत नाही. मला स्वप्नंच पडत नाहीत."

मी त्याला सांगू शकले असते. माशाची ती सकाळ, तो कागद, सगळं. पंचवीस वर्षांच्या मुलाला ऐकायला ते झेपलं असतं. पण शेवंतीच्या अंगणात उभं राहून मला पुन्हा एक अहवाल द्यायचा नव्हता. "सुट्टी आहे का तुला?" मी एवढंच विचारलं, आणि ते मला खरंच माहीत नव्हतं. तो म्हणाला, आहे थोडी. "मग राहा आजीजवळ."

तो राहिला. गेल्या शनिवारी मी मुक्कामालाच गेले. रविवारी सकाळी ओट्यावर आले तर जिवलीआजी नागली, म्हणजे आमची नाचणी, पाखडत बसली होती, ऐंशीच्या पुढची बाई, पण सुपावरचा हात अजून ठाम. धुकं ओट्याच्या कडेपर्यंत आलेलं. नितीन आतून आला, केस विस्कटलेले, आणि आजीपासून जरा अंतर ठेवून खांबाला टेकून बसला. मग तो म्हणाला, "आजी, काल रात्री मला…" आणि थांबला. मला वाटलं, ती आता त्याच्याकडे बघेल, किंवा मीच काहीतरी विचारेन. मी ओठ घट्ट मिटून घेतले. आजीने सुपातला कोंडा फुंकला.

तो पुन्हा बोलू लागला, या वेळी तिच्या बोलीत. लहान मूल चालतं तसं, एक शब्द टाकून दुसऱ्याची वाट बघत. आई होती एवढं मला कळलं. शाळा होती, आणि पाणी होतं, आणि काहीतरी ओलं झालं होतं. त्या ओल्याला काय म्हणतात ते त्याला आठवेना. आजीने मान वर न करता शब्द पुढे केला, त्याने तो घेतला आणि पुढे गेला. मला त्यातलं निम्मंसुद्धा समजलं नाही. तो अडखळत होता, आजीचं सूप हलत होतं, आणि मधूनमधून ती म्हणत होती, "हं…"